अण्णा कार्यक्रमाला का जाईनासे झाले?

पुण्यात आमच्या भागात एक छोटे सांस्कृतिक भवन आहे. त्याच्या दारावरील फलकावर दर पंधरवड्याला नवा कागद लागतो. शनिवारी सायंकाळी साडेसहा वाजता गायन किंवा वादन, शेजारच्या दालनात एखाद्या स्थानिक चित्रकाराचे प्रदर्शन आणि तळाशी ठरलेली ओळ : ‘प्रवेश विनामूल्य. काही जागा राखीव.’ टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, हा कागद खिशातल्या डायरीत उतरवून घेत. शनिवारी पाच वाजताच इस्त्रीचा सदरा अंगात चढलेला असे. ‘तुमच्यावाचून पडदा उघडणार नाही, सावकाश निघा,’ असे आई चेष्टेने म्हणे.

दोन वर्षांपूर्वी ते जाईनासे झाले. विचारले की म्हणत, ‘आता पूर्वीसारखे गाणे राहिले नाही.’ पंचवीसहून अधिक वर्षे मी सामान्य वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. एखाद्याची भूक कमी झाली, वजन उतरले, तर मी लगेच कारण शोधते. आवडीची गोष्ट सोडून देणे हेही तसेच लक्षण आहे, हे मला कळावयास हवे होते. मी ते वयाच्या खाती टाकले आणि मोकळी झाले.

खरी गोष्ट आईने सांगितली, तीही आठ महिन्यांनी आणि अण्णा झोपल्यावर. त्यांच्या पायांवर सूज येत असे म्हणून मी लघवी वाढवणारी गोळी दिवसातून दोनदा लिहून दिली होती. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात होते : सकाळी एक, सायंकाळी एक. अण्णा शिस्तीचे. ते पाच वाजता गोळी घेत आणि साडेसहाला कार्यक्रमाला जाऊन बसत. या गोळीचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो आणि सहाएक तास टिकतो. म्हणजे पहिला ख्याल रंगात येईतो त्यांना उठावे लागे, रांगेतल्या सात-आठ जणांचे गुडघे ओलांडून. एका शनिवारी ते वेळेवर पोहोचू शकले नाहीत. ओला पायजमा झाकण्यासाठी शबनम पिशवी पुढे धरून ते अंधारातून चालत घरी आले, आणि ‘पूर्वीसारखे गाणे राहिले नाही’ हे वाक्य त्या दिवशी जन्माला आले.

दुसरी मात्रा दुपारी दोनच्या सुमारास घेतली तरी चालते. बहुतेक रुग्णांना तीच वेळ सोयीची पडते, कारण त्यामुळे रात्रीची झोपही मोडत नाही. चिठ्ठीवर मी एक शब्द बदलला. तेवढे करावयास मला आठ महिने लागले.

त्यानंतर दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाला मी एक जादा प्रश्न विचारू लागले : पूर्वी कुठे जात होता आणि आता कुठे जात नाही? उत्तरे फार बोलकी असतात. ‘गुडघे’ आणि ‘कंटाळा’ ही पहिली उत्तरे. थोडे थांबले की दुसरी येतात. लघवी आवरत नाही. गर्दीत बोललेले कळत नाही. परतताना समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि पायरी दिसत नाही. सून वाट पाहत जेवायची थांबते, ते बरे वाटत नाही. यांतील पहिल्या तिन्हींवर उपचार आहेत. चौथ्यावर औषध नाही, पण सुनेशी बोलता येते.

लघवीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण या विषयावर घराघरांत मौन असते. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, स्त्रियांत ओटीपोटाच्या स्नायूंची शिथिलता किंवा मूत्राशयाची अतिसंवेदनशीलता, दोघांतही अनियंत्रित मधुमेह अथवा मूत्रमार्गाचा संसर्ग, अशी कारणे असू शकतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा. कुठे गोळी, कुठे व्यायाम, कुठे फक्त औषधाची वेळ. अनेक ज्येष्ठ स्वतःच एक उपाय शोधतात : कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हा उपाय घातक आहे. उन्हाळ्यात अशाने रक्तदाब उतरून घेरी येते, बद्धकोष्ठ वाढते, संसर्गाला वाव मिळतो. पाणी दिवसभर प्यावे, निघण्यापूर्वीच्या दीड-दोन तासांत कमी करावे, निघताना लघवीला जाऊन यावे आणि सभागृहात कडेची खुर्ची धरावी. मात्र हृदयविकारासाठी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने चुकवू नये. वेळ बदलायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारावे. ते नाही म्हणण्याची शक्यता कमी असते.

आता कानांविषयी. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. स, श, त, क यांसारखी व्यंजने पुसट होतात, म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाहीत. डग्ग्याची घुमक पोटापर्यंत पोहोचते, चाटीवरचे बोल मात्र धूसर. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी, की हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज सोसत नाही. दोन्हींच्या मधली पट्टी अरुंद होत जाते. त्यामुळे ध्वनिवर्धकाच्या पुढ्यात बसणे हा उपाय नव्हे. तिसऱ्या-चौथ्या रांगेत, ध्वनिवर्धकापासून दूर आणि गायकाचे ओठ दिसतील अशा ठिकाणी बसावे. त्याआधी कान तपासून घ्यावेत. कित्येकदा नुसता मळ साठलेला असतो.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते, की यंत्र लावले की गाणे बेसूर वाटते. ती खरी आहे. ही यंत्रे मुख्यतः बोलणे ऐकण्यासाठी घडवलेली असतात. तंबोऱ्याचा अखंड नाद किंवा बासरीचा लांबवलेला स्वर त्यांना गोंगाट वा शिट्टी वाटतो आणि ती तो दाबू पाहतात. बहुतेक आधुनिक यंत्रांत संगीतासाठी वेगळी योजना बसवता येते. श्रवणतज्ज्ञाकडे ती आवर्जून मागावी; आपण गाणे ऐकतो हे न सांगितल्यास त्यांना कळणार कसे? ऐकू न येण्याकडे दुर्लक्ष करू नये याला आणखी मोठे कारण आहे. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके नोंदवले, त्यांत श्रवणऱ्हास आहे, आणि सामाजिक एकटेपणाही आहे. कार्यक्रमाला जाणे सुटलेल्या मनुष्यापाशी हे दोन्ही एकदम येऊन बसलेले असतात.

कला आणि आयुर्मान यांचा संबंध इंग्लंडमधील एका दीर्घ पाहणीत अभ्यासला गेला. पन्नाशी उलटलेल्या ६,७१० व्यक्तींचा १४ वर्षे मागोवा घेऊन त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. नाटक, मैफल, संग्रहालय, चित्रप्रदर्शन यांना वर्षातून एकदोनदा जाणाऱ्यांत, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळातील मृत्यूचा धोका १४ टक्क्यांनी कमी आढळला. दर काही महिन्यांनी किंवा त्याहून अधिक वेळा जाणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. शिक्षण, आर्थिक स्थिती, आजार यांचा हिशेब धरूनही फरक उरला. तरीही डॉक्टर म्हणून मी सावध राहते. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. ज्यांचे पाय चालतात तेच मैफलीला जातात, एवढा अर्थ तरी त्यात मिसळलेला असणारच. गाणे ऐकल्याने आयुष्य वाढेल असे मी कुणालाही लिहून देणार नाही. पण ब्रिटनमधील डॉक्टर आता एकाकी रुग्णाला औषधांबरोबर चित्रकलेचा वर्ग किंवा गायनाचा गट सुचवतात, आणि त्यासाठी गाठ घालून देणारी माणसे तेथील आरोग्यसेवेने नेमली आहेत, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

आपल्याकडे गाठ घालून देणारे कुणी नेमलेले नाही, पण कार्यक्रमांची वाण नाही. दिवाळीत सारसबागेत पहाटेच्या गारव्यात गाणे ऐकायला माणसे लोटतात. गणेशोत्सवात पेठापेठांतून गायन-वादन होते, देवळांत कीर्तने होतात. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उघडले. त्याच्या कलादालनात चित्रे पाहायला पैसे पडत नाहीत. मुंबईत जहांगीर कलादालनाचे दार सर्वांना खुले असते आणि काळा घोडा परिसरात भरणारा कलामहोत्सवही विनामूल्य असतो. तरीही ज्येष्ठांच्या दृष्टीने मी मोठ्या महोत्सवापेक्षा गल्लीजवळच्या छोट्या भवनाला झुकते माप देईन. तेथे तीच ती माणसे पुन्हा भेटतात. दोन शनिवार कुणी दिसले नाही तर तिसऱ्या शनिवारी चौकशी होते.

विनामूल्य असण्याचा एक वैद्यकीय फायदाही आहे, जो माझ्या ध्यानी उशिरा आला. तिकीट काढले की ते वसूल करावेसे वाटते. पाठ दुखते, साखर उतरल्यासारखी वाटते, तरी मनुष्य बसून राहतो. फुकटच्या कार्यक्रमातून मध्येच उठता येते. अर्धा तास ऐकून घरी येणे म्हणजे कार्यक्रम बुडवणे नव्हे. ज्याची ताकद अर्ध्या तासाची आहे त्याच्यासाठी तोच पूर्ण कार्यक्रम.

निघण्यापूर्वीच्या काही गोष्टी. मधुमेहाची इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी रात्रीचे जेवण लांबणार असेल तर आधी थोडे खाऊन घ्यावे आणि खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत. दोन तास बसून एकदम उठल्यास रक्तदाब उतरतो. टाळ्या चालू असतानाच पावले दहा-बारा वेळा वरखाली करावीत, खुर्चीच्या कडेवर येऊन क्षणभर थांबावे आणि मग उभे राहावे. कंपवाताच्या रुग्णांनी औषधाची वेळ कार्यक्रमाशी जुळते का ते पाहावे. प्रदर्शनात चालण्यापेक्षा उभे राहणेच कंबरेला अधिक जाचते, म्हणून हलके घडीचे स्टूल बरोबर न्यायला लाजू नये. आणि बैठकीच्या जागी चपला! माझ्या माहितीतील दोन पडझडी रस्त्यावर झाल्या नाहीत. एका पायावर उभे राहून चप्पल चढवताना, दारातल्या गर्दीत झाल्या. त्यांपैकी एकीत मांडीचे हाड मोडले.

स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताला न्यावे का, असे शुश्रूषा करणारे विचारतात. न्यावे, पण निवडून. तरुणपणी कानांवर पडलेली गाणी अनेकांत बराच काळ टिकून असतात. मुलाचे नाव न आठवणारी आजी अंतऱ्याची ओळ पुरी करते, हे मी पाहिले आहे. ढोलताशे, फटाके, गच्च गर्दी मात्र टाळावी. खिशात नाव व फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. अस्वस्थता दिसताच, कारण न विचारता, बाहेर पडावे.

आणि सांभाळणाऱ्यांविषयी. माझ्या एका रुग्ण बाई पक्षाघात झालेल्या पतीची सहा वर्षे सेवा करीत आहेत. एकेकाळी त्या पेटी वाजवीत. ‘यांना सोडून मी गाणे ऐकायला जाऊ?’ असे त्यांनी मला विचारले, तेव्हा आवाजात रागच होता. त्यांचा रक्तदाब तीन गोळ्यांनी आवरत नव्हता. शेवटी शेजारच्या मुलाने शनिवारी दोन तास काकांजवळ बसावे असे ठरले. बाईंचा रक्तदाब अजूनही तीन गोळ्यांवर आहे. चमत्कार वगैरे झालेला नाही. पण पलंगाखालची पेटी बाहेर निघाली आहे, आणि काका डाव्या हाताने चादरीवर ठेका धरतात असे त्या सांगतात.

आयोजकांनाही एक विनंती आहे. ‘काही जागा राखीव’ म्हणून पुढच्या दोन रांगा निमंत्रितांसाठी अडवतात. निमंत्रित उशिरा येतात, कधी येतही नाहीत, आणि कानाने अधू असलेली माणसे मागे बसतात. कडेच्या चार-सहा खुर्च्या ज्येष्ठांसाठी ठेवाव्यात, दारात चपला घालायला एक खुर्ची असावी, स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा असावा. खर्च फारसा नाही. आमच्या भवनाच्या समितीला मी हे लेखी दिले; दिवा महिनाभरात लागला, खुर्च्यांचा विचार चालू आहे.

अण्णा पुन्हा जाऊ लागले, पण पहिल्या दोन वेळा मी बरोबर गेले. पहिल्या खेपेस ते वीस मिनिटांत उठले. गरज नव्हती, केवळ भीती होती. दुसऱ्या खेपेस मध्यंतरापर्यंत बसले. परतताना शेजारच्या दालनात एका शिक्षिकेची निसर्गचित्रे होती. त्यांतील टपालपेटी चुकीच्या रंगात रंगवली आहे असे त्यांनी त्या बाईंना सांगितले आणि दोघे अर्धा तास त्यावर बोलत उभे राहिले. मी घड्याळाकडे पाहत होते, ते पाहत नव्हते.

काल फलकावर नवा कागद लागला. येत्या शनिवारी सतारवादन आहे आणि दालनात पुण्यातील जुन्या वाड्यांची जलरंगातील चित्रे. अण्णांनी ते डायरीत उतरवून घेतले, आणि त्याच पानावर खाली लिहिले : ‘गोळी – दुपारी २.’