सुरांच्या पायऱ्या, सुरांचा उतार

दिवाळी झाली की भंडारा-गोंदिया भागात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. तिथे ऑर्गनची साथ ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. गायक ‘ग’वरून ‘प’वर मींड घेत जातो, ऑर्गन मात्र उडी मारतो. ऑर्गनच्या किंवा पेटीच्या प्रत्येक पट्टीसाठी ठरावीक वारंवारितेची धातूची पत्ती असते. मधल्या जागाच नाहीत, मग मींड येणार कुठून?

सिंथेसायझरमध्ये काय होते? १९८२ साली मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी दहा राग सिंथेसायझरवर वाजवून तबकडी काढली. त्यासाठी वापरलेल्या यंत्रांपैकी एक होते रोलँड कंपनीचे टीबी-३०३. त्यात स्वर अंकरूपात साठवतात. अंकाचे व्होल्टेज होते आणि व्होल्टेज वाढले की स्वर चढतो. पण साठवलेले स्वर पेटीसारखेच अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या अंतरावर! तरीही ‘स्लाइड’ लावली की सूर घसरत जातो. कारण व्होल्टेजच्या वाटेत एक रोध आणि एक धारित्र येते. धारित्र भरायला वेळ लागतो, आणि पायरीचा उतार होतो.

हे वर्गात दाखवता येते. दीड व्होल्टचे तीन सेल एकसरीत जोडा. १० किलोओहमचा रोध आणि १००० मायक्रोफॅरडचे धारित्र एकसरीत घ्या. धारित्राचे ऋण टोक सेलच्या ऋण टोकाला जोडा, आणि धारित्रावर डिजिटल मल्टिमीटर लावा. रोधाचे मोकळे टोक आधी पहिल्या सेलच्या धन टोकाला लावा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आपण देतो त्या पायऱ्या. मीटर दाखवतो तो चढ. प्रत्येक वेळी सुमारे १० सेकंदांत उरलेल्या फरकाचा ६३ टक्के भाग भरून निघतो.

मग पायऱ्या कितीही मोठ्या चालतील का? नाही. सप्तकाचे १२०० भाग केले तर एका भागाला ‘सेंट’ म्हणतात. तयार कानाला सुमारे ५ सेंटचा फरक कळतो. १९८३ मध्ये आलेल्या ‘मिडी’ पद्धतीत साध्या नियंत्रणाला ७ बिट, म्हणजे १२८ पायऱ्या मिळतात. सूर उजळ-मंद करणाऱ्या फिल्टरची १० सप्तकांची व्याप्ती त्यांत वाटली तर एक पायरी जवळजवळ ९४ सेंटची होते! नॉब सावकाश फिरवला की चेन ओढल्यासारखी खरखर ऐकू येते. १४ बिट घेतले तर पायऱ्या १६,३८४ होतात आणि एक पायरी पाऊण सेंटहून लहान असते. पायऱ्यांच्या या बारीकपणालाच विभेदनक्षमता म्हणतात.

खरखर मोठ्या धारित्राने बुजवता येईल, पण मग झटपट बदलही मंदावतील. तबल्याच्या थापेसारखा ठसका बोथट होईल. शिवाय धारित्राचा उतार नेहमी एकाच घाटाचा असतो : आधी वेगाने, मग हळू. गायकाची मींड मात्र रागाप्रमाणे बदलते.

म्हणून पायऱ्याच इतक्या बारीक हव्यात की त्या बुजवायला अगदी लहान धारित्र पुरेल. मग उताराचा घाट यंत्र नव्हे, वादकाचा हात ठरवील.

प्रयोगात धारित्र १०० मायक्रोफॅरडचे घेतले तर काय होईल? मुलांना आधी अंदाज करायला सांगा, मग मोजा.