आधी ट्रिप, मग चौकशी

सुरुवातीलाच एक कबुली. पहिलीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये काढल्यामुळे माझं मराठी मेसच्या आमटीसारखं आहे, पातळ! तेव्हा सांभाळून घ्या.

गेल्या सेमिस्टरला आपल्या मागच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर रात्री मारामारी झाली, आठवते ना? दोघांना टाके पडले. तिसऱ्या दिवशी टपरी गायब. टपरीवाल्या काकांना कोणी एक शब्दही विचारला नाही. आम्हीही दोन दिवस हळहळलो आणि कँटीनचा चहा पिऊ लागलो.

त्याच आठवड्यात मामेभावाचा फोन आला. दादा इंग्लंडमध्ये एमएस्सी करतो आणि शनिवार-रविवार एका पबमध्ये ग्लास गोळा करायचं काम करतो. पबच्या दारात भांडण होऊन चाकू निघाला, एक मुलगा हॉस्पिटलात, आणि दोन-तीन दिवसांत पब बंद. मी म्हटलं, "म्हणजे तिथेही आपल्यासारखंच!" दादा म्हणाला, "नाही रे. महिन्याभरात सुनावणी आहे. मालकाचं ऐकून घेणार, शेजाऱ्यांचंही." मग मी त्याला खोदून खोदून विचारलं आणि थोडं वाचलंसुद्धा. तेच इथे सांगतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पबला दारूचं लायसन्स देणं पूर्वी मॅजिस्ट्रेटकडे असायचं. 2003 चा लायसन्सिंग कायदा नोव्हेंबर 2005 मध्ये पूर्णपणे लागू झाला आणि हे काम स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेकडे आलं. कायद्याने कौन्सिलपुढे चारच उद्दिष्टं ठेवली आहेत : गुन्हे आणि दंगा रोखणं, लोकांची सुरक्षितता, आजूबाजूला उपद्रव होऊ न देणं आणि लहान मुलांचं संरक्षण. यांपैकी एखाद्यावर पाणी पडतंय असं वाटलं तर पोलीस किंवा अगदी शेजारी राहणारी आजीबाईसुद्धा 'रिव्ह्यू' मागू शकते, म्हणजे लायसन्सची फेरतपासणी.

पण साध्या रिव्ह्यूत म्हणणी मांडायलाच 28 दिवस दिलेले असतात. चाकू चालला त्या जागी तेवढे दिवस वाट बघायची? म्हणून 2006 च्या एका कायद्याने जलद मार्ग जोडला. आपल्या भाषेत सांगायचं तर लायसन्सला एमसीबी बसवला! फॉल्ट कुठे आहे ते एमसीबी शोधत बसत नाही, तो आधी ट्रिप होतो. शोधायचं काम नंतर आपलं.

हा एमसीबी उगाच ट्रिप होऊ नये म्हणून अट आहे. सुपरिंटेंडंट किंवा त्याहून वरच्या पोलीस अधिकाऱ्याने लिहून द्यावं लागतं, की या जागेचा 'गंभीर गुन्ह्याशी' किंवा 'गंभीर दंग्याशी' संबंध आहे. गंभीर गुन्ह्याची व्याख्याही ठरलेली आहे. ढोबळमानाने, पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्या सज्ञान माणसालाही ज्यासाठी तीन वर्षं किंवा जास्त तुरुंगवास होऊ शकेल असा गुन्हा, किंवा ज्यात हिंसा वापरली गेली, भरपूर पैसा कमावला गेला, किंवा मोठ्या जमावाने मिळून केला असा गुन्हा.

अर्ज आला की 48 तासांत (सुट्टीचे दिवस सोडून) कौन्सिलला ठरवावं लागतं : तात्पुरतं काही करायची गरज आहे का? अटी बदलता येतात, दारूविक्री थांबवता येते, लायसन्सवर ज्याचं जबाबदार म्हणून नाव आहे त्या सुपरवायझरला हटवता येतं, किंवा लायसन्स स्थगित करता येतं. हे मालकाला न ऐकताही होऊ शकतं. पण त्याने हरकत घेतली तर पुन्हा 48 तासांत त्याचं ऐकावं लागतं. आणि पूर्ण सुनावणी 28 दिवसांच्या आत.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ही सुनावणी म्हणजे खटला नव्हे. चाकू कोणी मारला ते फौजदारी कोर्ट बघेल. इथे नगरसेवकांच्या समितीपुढे प्रश्न एकच असतो : हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं लागेल? दारावरच्या बाउन्सरकडे परवाना होता का? कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मिळालं का? पोलिसांना फोन पबनेच केला की बाहेरच्या कोणी? म्हणजे शिक्षा मागच्या गोष्टीची नाही, हिशोब पुढचा.

शेवटी समिती अटी बदलू शकते, सुपरवायझर काढू शकते, तीन महिन्यांपर्यंत लायसन्स स्थगित करू शकते किंवा कायमचं रद्द करू शकते. मालकाला 21 दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत अंतिम निर्णय लागू होत नाही. मग मधल्या काळात काय? म्हणून तात्पुरती बंधनं चालू ठेवायची की नाही हेही सुनावणीच्या शेवटी ठरवतात. 2017 मध्ये कायद्यात तसं स्पष्ट घातलं गेलं.

याचं गाजलेलं उदाहरण लंडनच्या 'फॅब्रिक'चं. हा पब नाही, नाइटक्लब आहे, पण कायदा तोच. 2016 च्या उन्हाळ्यात तिथे जाऊन आलेल्या दोन 18 वर्षांच्या मुलांचा ड्रग्जमुळे मृत्यू झाला. लायसन्स आधी स्थगित झालं, आणि सप्टेंबरमध्ये इस्लिंग्टन कौन्सिलने ते रद्द केलं. क्लब वाचवा म्हणून दीड लाखाच्या आसपास लोकांनी सह्या केल्या. क्लबने अपील केलं, पण सुनावणीआधीच नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली. ओळखपत्र स्कॅन करायचं, ड्रग्जसकट सापडेल त्याला आयुष्यभर बंदी, वीकएंडच्या रात्री 19 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, अशा कडक अटींवर क्लब जानेवारी 2017 मध्ये पुन्हा उघडला. त्या दोन मुलांच्या घरच्यांना यातून काय मिळालं? परत तर काहीच नाही. पण आत काय बदलायला हवं, हे निदान कागदावर आलं.

आपल्याकडेही लायसन्स रद्द किंवा स्थगित करायचे अधिकार आहेत, 1949 च्या दारूबंदी कायद्यात. (दारूबंदीच्याच कायद्याखाली दारूचं लायसन्स, ही गंमत आपलीच!) टपरीला कुठलं आलंय लायसन्स, हे मलाही कळतं. रात्री साडेअकराला तिथे गर्दी नको, हे रेक्टर सरांचं म्हणणंही मला पटतं. त्या रात्री टपरी बंद झाली यात चूक नाही. एमसीबी ट्रिप व्हायलाच हवा.

दादाचा पब पाच आठवड्यांनी उघडला. काचेचे ग्लास जाऊन पॉलिकार्बोनेटचे आले, अकरानंतर नवीन माणसाला प्रवेश बंद, दारावर दोन बाउन्सर जास्त. दादाचा पाच आठवड्यांचा पगार बुडाला तो बुडालाच, पण का बुडाला हे त्याला माहीत होतं.

आपल्या टपरीचा एमसीबी ट्रिप झाला आणि तसाच राहिला. फॉल्ट कोणी शोधलाच नाही. "रात्री दहाला बंद करा, चालेल?" एवढं विचारलं असतं तर काका हो म्हणाले असते, असं मला वाटतं. आणि मारामारी करणारे आपणच होतो, टपरी नव्हे. काका परवा बसस्टँडवर दिसले, शेंगदाणे विकत होते. त्यांनी मला ओळखलं. पैसे काही घेतले नाहीत.