भांडवलशाही, साम्यवाद आणि बाबासाहेबांचा राज्य समाजवाद

जुलै १९९१ मध्ये भारताने नवे आर्थिक धोरण स्वीकारले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघराज्याचे विघटन झाले. तेव्हापासून समाजवाद संपला, भांडवलशाहीला आता पर्याय नाही, असे सांगितले जाते. आपल्या समाजातील विद्यार्थ्यांनी हे विधान तपासून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

प्रथम शब्दांचे अर्थ पाहू. जमीन, कारखाने, खाणी, बँका ही उत्पादनाची साधने होत. ती खाजगी मालकीची असून नफ्यासाठी चालविली जातात ती भांडवलशाही. ती समाजाच्या मालकीची असणे म्हणजे समाजवाद. साम्यवाद ही मार्क्सच्या मते त्यापुढील वर्गविहीन अवस्था होय व तेथे पोहोचण्यासाठी काही काळ कामगारवर्गाची हुकूमशाही आवश्यक मानली गेली.

दोन्हींचा जमाखर्च मांडला पाहिजे. भांडवलशाहीने उत्पादन प्रचंड वाढविले. परंतु १९२९ च्या महामंदीत आणि २००८ च्या संकटात कोट्यवधी लोक बेकार झाले. रशियाने १९२८ पासून पंचवार्षिक योजना राबवून शेतीप्रधान देशाचे औद्योगिक राष्ट्र केले. परंतु सक्तीच्या सामूहिक शेतीनंतर १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे दगावली आणि सत्तेविरुद्ध बोलण्याचा अधिकार कोणालाच उरला नाही. एका व्यवस्थेत समता हरवली, दुसरीत स्वातंत्र्य.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे दोन्ही दोष ओळखले होते. ७ नोव्हेंबर १९३८ च्या मुंबईतील संपात ते कम्युनिस्टांबरोबर उभे राहिले. परंतु गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे व सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. केवळ मालक बदलला म्हणून जात जाणार नाही, हे त्यांनी जाणले होते.

१९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी आपली योजना मांडली. मूलभूत व महत्त्वाचे उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे असावेत. शेतजमीन राज्याने मोबदला देऊन ताब्यात घ्यावी आणि जातिधर्माचा भेद न करता गावकऱ्यांच्या गटांना कसण्यास द्यावी. पाणी, बियाणे, अवजारे राज्याने पुरवावीत. गावात जमीनदार नको, कूळ नको आणि भूमिहीन मजूरही नको. हे सर्व संसदीय लोकशाही ठेवून आणि संविधानातच लिहून करावयाचे होते.

संविधानातच कशासाठी? कारण एका बहुमताने दिलेले दुसरे बहुमत काढून घेते. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढे सर्वसाधारण विम्याचेही झाले. परंतु १९९९ च्या कायद्याने हे क्षेत्र पुन्हा खाजगी कंपन्यांना खुले झाले. बाबासाहेबांची योजना संविधानात आली नाही. संपत्ती मूठभरांच्या हाती एकवटू नये, हे तत्त्व अनुच्छेद ३९ मध्ये आले. पण मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. नोकरीतील आरक्षण संविधानाने राज्याच्या सेवेपुरते दिले आहे. सरकारी उद्योग खाजगी झाला की राखीव जागेचा हक्कही त्याबरोबर जातो.

सरकारी कारखाने तोट्यात जातात, अधिकारीच नवे मालक बनतात, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच राज्याच्या मालकीवर लोकांची देखरेख हवी. ती लोकशाहीशिवाय शक्य नाही. रशियात नेमकी तीच नव्हती.

२० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषण व दुःख नाहीसे करणे हे ध्येय दोघांचेही. भेद मार्गाचा आहे. बळाने आणलेली समता बळ ओसरताच कोसळते, मन बदलून आणलेली टिकते. सोव्हिएत संघराज्याच्या अंताने याची साक्ष दिली. मात्र त्यामुळे विषमतेचा प्रश्न सुटलेला नाही. स्वातंत्र्य न गमावता समता कशी आणावी, या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी १९४७ मध्येच लिहून ठेवले. त्याचा अभ्यास करून ते लोकांपुढे मांडणे हे आजच्या शिकलेल्या पिढीचे काम आहे.