कोपीतला खोकला

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली ऊसतोड माणसे कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. ताडपत्रीच्या एका कोपीत नवरा-बायको, लेकरे, म्हातारी. त्यात एकाला फुफ्फुसाचा क्षय असला की खोकल्यातून जंतू हवेत उडतात, कोपीभर तरंगत राहतात. मग घरचे काय करतात? त्याचे ताट-पेला वेगळे काढतात. वेगळ्या पेल्याचा अर्थ आम्हाला कुणी शिकवायला नको! क्षय भांड्याने पसरत नाही, हवेतून पसरतो.

रुग्णाच्या घरातल्या सर्व वयाच्या माणसांना तपासून प्रतिबंधक औषध द्यावे, असे सरकारी धोरण 2021 पासून आहे. पण यादी गावच्या घरावरून केली तर उपयोग काय? माणसे तर फडावर! कोणत्या कोयत्याला किती उचल दिली आणि तो कुठल्या फडावर आहे, हे मुकादमाला तोंडपाठ असते. आरोग्य खात्याने त्यालाच विचारावे आणि औषध कोपीपर्यंत न्यावे, एवढीच आमची मागणी आहे.