घर विकून धंदा सुरू करताय? बँकेचं व्हॅल्युएशन कमी आलं तर काय कराल?



"सर, भांडवलाचं टेन्शन नाही. एक फ्लॅट आहे, तो विकणार आणि त्यात युनिट टाकणार." आपल्या बॅचमध्ये दर वेळी कोणीतरी हे वाक्य बोलतंच. ऐकायला छान वाटतं. पण फ्लॅटचा भाव ठरणं वेगळं आणि ते पैसे आपल्या खात्यात येणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये बसलेला असतो गिऱ्हाइकाच्या बँकेचा व्हॅल्युअर. आज त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

आपल्या एका विद्यार्थ्याचं उदाहरण घेतो. नाव सांगत नाही, आकडे सोयीसाठी थोडे गोल केले आहेत. पिंपरी-चिंचवडमध्ये त्याचा भाड्याने दिलेला वन बीएचके होता. मसाल्याचं युनिट टाकायचं म्हणून तो विकायला काढला. ६२ लाखांना सौदा ठरला, टोकन मिळालं. आनंदाच्या भरात त्याने पल्व्हरायझर आणि पाऊच पॅकिंग मशीनची ऑर्डर देऊन टाकली आणि गाळ्याचं डिपॉझिटही भरलं. तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाचा फोन आला, "दादा, बँकेने व्हॅल्युएशन ५४ लाखच धरलंय. एवढ्यात माझं बसत नाही." आणि लगेच एजंटचा सल्ला, "५४ ला देऊन टाका. गिऱ्हाईक हातचं जाईल."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

आधी गणित करा, मग घाबरा

पहिली गोष्ट लक्षात घ्या. व्हॅल्युएशन म्हणजे तुमच्या घराची किंमत नाही. उद्या कर्ज बुडालं आणि घर विकावं लागलं, तर किती सुटतील, याचा बँकेने आपल्या सोयीसाठी घेतलेला अंदाज म्हणजे व्हॅल्युएशन. म्हणून तो सावधच असतो.

दुसरी गोष्ट. करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन, यातली जी रक्कम कमी, तिच्यावर बँक कर्ज मोजते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान ८० टक्के आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्के देता येतं. ही वरची मर्यादा झाली. बँक यापेक्षा कमीही देऊ शकते.

आता आपल्या उदाहरणाचं गणित मांडू:

- ६२ लाखांवर ८० टक्के म्हणजे ४९.६० लाख कर्ज. गिऱ्हाइकाने स्वतःचे १२.४० लाख घालायची तयारी केली होती.
- ५४ लाखांवर ८० टक्के म्हणजे ४३.२० लाख. आता भाव ६२ लाखच ठेवला, तर त्याला १८.८० लाख घालावे लागतील.

म्हणजे खड्डा ६.४० लाखांचा आहे, ८ लाखांचा नाही. एजंटचं ऐकून ५४ ला दिलं असतं, तर गिऱ्हाइकाला स्वतःचे फक्त १०.८० लाख घालावे लागले असते. म्हणजे त्याने मुळात ठरवलं होतं त्यापेक्षाही १.६० लाख कमी! अख्खा तोटा आपला, वर त्याची बचत. म्हणून किंमत उतरवायच्या आधी कागद-पेन घ्या. बोलणी ६.४० लाखांवर करायची आहेत, ८ लाखांवर नाही.

व्हॅल्युएशन कमी का येतं?

माझ्या पाहण्यात साधारण पाच कारणं येतात.

१. क्षेत्रफळाचा घोळ. जुन्या करारांत सेलेबल किंवा सुपर बिल्टअप एरिया लिहिलेला असतो. व्हॅल्युअर मोजतो कार्पेट. आपण सेलेबलचा दर डोक्यात ठेवतो आणि तोच दर कार्पेटला लागला की आकडा धाडकन खाली येतो. रिपोर्टमध्ये कोणत्या एरियाला कोणता दर लावलाय, हे आधी विचारा.

२. मंजूर नकाशात नसलेलं बांधकाम. बाल्कनी बंद करून खोली केली, टेरेसवर पत्रे टाकले. आपल्या दृष्टीने ती जागा, व्हॅल्युअरच्या दृष्टीने शून्य. कधीकधी शून्यापेक्षा वाईट, कारण मग बँक कर्ज द्यायलाच कचरते.

३. कागद अपुरे. भोगवटा प्रमाणपत्र नाही, मंजूर नकाशाची प्रत नाही, सोसायटीचं अभिहस्तांतरण झालेलं नाही. बऱ्याचदा कागद असतो, पण सोसायटीच्या कपाटात पडलेला असतो. फाइलमध्ये नसलेला कागद बँकेसाठी नसल्यातच जमा.

४. इमारतीचं वय. इमारत जितकी जुनी तितका घसारा. "आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार आहे" म्हणून आपण भाव वाढवतो. व्हॅल्युअर अशा स्वप्नाला सहसा पैसे लावत नाही. तो आज उभी असलेली इमारत बघतो.

५. तुलनेचे व्यवहार. आजूबाजूला नोंदलेले व्यवहार बघून दर ठरतो. तिथे लोकांनी काही रक्कम रोखीत घेऊन करार कमी किमतीचा केला असेल, तर त्याचा फटका तुम्हाला बसतो. किंवा तुलनेला घेतलेली इमारत तुमच्यासारखी नसतेच.

आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तिसरं आणि पाचवं कारण निघालं. भोगवटा प्रमाणपत्र फाइलमध्ये लागलेलंच नव्हतं. आणि तुलनेला घेतलेल्या तीनपैकी दोन व्यवहार रस्त्यापलीकडच्या, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीतले होते.

आता काय करायचं?

पायरी १: कारण लेखी मागा. रिपोर्ट बँकेचा असतो आणि कर्जदार गिऱ्हाईक असतो. तुम्ही थेट मागून मिळेलच असं नाही. म्हणून गिऱ्हाइकालाच लोन ऑफिसरकडे पाठवा. एरिया किती धरला, दर किती लावला, घसारा किती, कोणता कागद कमी पडला, एवढी चार उत्तरं मिळाली तरी पुरे. व्हॅल्युअरला परस्पर फोन करून "जरा बघा ना साहेब" अजिबात करायचं नाही. पाकिटाचा तर विचारही नको.

पायरी २: पुरावा जमवा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चची सोय आहे. तिथे झालेल्या नोंदणीची सूची क्रमांक २, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो, ती बघता येते. तुमच्याच सोसायटीतले किंवा शेजारच्या सारख्या इमारतीतले, शक्यतो गेल्या वर्षभरातले तीन व्यवहार काढा. किंमत, क्षेत्रफळ आणि तारीख एका कागदावर मांडा. सोबत मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट. भावनिक पत्र नको. "आम्ही फर्निचरवर इतका खर्च केला" हे ऐकून दर बदलत नाही.

पायरी ३: फेरविचाराची विनंती. ही फाइल गिऱ्हाइकामार्फत बँकेला द्या. आपल्या विद्यार्थ्याने हेच केलं आणि आकडा ५४ वरून ५७.५० लाखांवर आला. पूर्ण ६२ नाही झाला. होईल अशी अपेक्षाही ठेवू नका. पण साडेतीन लाख नुसत्या कागदांनी वाढले, हे कमी नाही.

पायरी ४: दुसरी बँक. प्रत्येक बँकेचं व्हॅल्युअरचं पॅनल वेगळं असतं. फेरविचार नाकारला, तर गिऱ्हाइकाने दुसरीकडे अर्ज करून बघावा. यात प्रोसेसिंग फी आणि दोन-तीन आठवडे जातात, म्हणून मुदत वाढवून द्यायची तुमची तयारी हवी. मात्र दोन बँकांनी जवळपास सारखाच आकडा सांगितला, तर मग चूक आपल्या अपेक्षेत आहे, हे मोकळ्या मनाने मान्य करा.

पायरी ५: उरलेला खड्डा वाटून घ्या. ५७.५० वर ८० टक्के म्हणजे ४६ लाख कर्ज. शेवटी सौदा ६० लाखांना झाला. गिऱ्हाइकाने स्वतःचे १४ लाख घातले, म्हणजे ठरलेल्यापेक्षा १.६० लाख जास्त. आपल्या माणसाने २ लाख सोडले. ८ लाखांचं दुखणं २ लाखांवर आलं.

इथे दोन सापळे आहेत

पहिला सापळा रोखीचा. "करार ५४ चाच करू, वरचे रोख देतो." मोह होतो, कळतं मला. पण जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर जेवढी घेतली तेवढाच दंड लागू शकतो. शिवाय तो पैसा तुम्ही धंद्यात दाखवणार कसा? उद्या मशिनरी लोनसाठी बँकेत गेलात की पहिला प्रश्न येतो, "तुमचं स्वतःचं भांडवल कुठून आलं?" धंद्याची पहिली वीटच अशी घालू नका.

दुसरा सापळा रेडी रेकनरचा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यातल्या जास्त रकमेवर लागतं. आणि मुद्रांक शुल्कासाठीचं मूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक जास्त निघालं, तर आयकर खातं तुमची विक्री त्या वरच्या मूल्याने झाली असं धरतं. हातात न आलेल्या पैशावर कर! म्हणून भाव सोडण्याआधी आपल्या फ्लॅटची रेडी रेकनर किंमत काढून ठेवा. त्याच्या किती खाली जायचं, याची रेघ तिथेच ठरते.

खरा धडा मात्र धंद्याचा आहे

विद्यार्थ्याने दोन लाख सोडले, सौदा झाला, पण त्याला खरा त्रास कशाचा झाला? ऑर्डर दिलेल्या मशीनचा. सौदा दोन महिने लांबला, गाळ्याचं भाडं सुरू झालं, मशीनवाला उरलेले पैसे मागू लागला. फ्लॅटच्या भावापेक्षा या घाईनेच तो जास्त घायकुतीला आला होता. अशा अवस्थेत माणूस ५४ ला पण सही करतो.

तो सगळ्यांना सांगत होता, "६२ लाख येणार." प्रत्यक्षात काय आलं बघा:

- सौद्याची रक्कम: ६० लाख
- स्वतःच्या जुन्या गृहकर्जाची बाकी: ११ लाख वजा
- एजंटची दलाली, २ टक्के: १.२० लाख वजा
- सीएने करापोटी बाजूला ठेवायला सांगितले: २.५० लाख वजा
- उरले: ४५.३० लाख

६२ आणि ४५! प्लॅन ६२ चा असेल आणि पैसे ४५ असतील, तर युनिट सुरू व्हायच्या आधीच खेळतं भांडवल संपलं.

कराचं थोडं समजून घ्या. घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल, तर नफा दीर्घकालीन धरला जातो. त्यावर १२.५ टक्के कर. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा पर्यायही आहे. दोन्हींत कमी बसेल तो घ्यायचा. नफ्यातून दुसरं घर घेतलं किंवा ठरावीक बाँडमध्ये सहा महिन्यांच्या आत पैसे गुंतवले तर सवलत आहे, पण बाँडमधले पैसे पाच वर्षं अडकतात. पैसे धंद्यात घातले म्हणून ही सवलत मिळत नाही! हे खूप जणांना माहीतच नसतं. शिवाय किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर गिऱ्हाईक १ टक्का टीडीएस कापून देतं. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण त्या दिवशी तरी खात्यात तेवढे कमीच येतात.

शेवटी त्याने काय केलं? पॅकिंग मशीनची ऑर्डर पुढे ढकलली, पल्व्हरायझरवर सुरुवात केली आणि पाऊच हाताच्या सीलरने बंद करू लागला. सहा महिन्यांनी धंद्याच्या पैशातून पॅकिंग मशीन घेतलं. तो स्वतः म्हणतो, "सर, तेव्हा मशीन नव्हतं तेच बरं झालं. कोणता पाऊच विकला जातो, हेच मला माहीत नव्हतं."

आजचा गृहपाठ

फ्लॅट विकून धंदा सुरू करायचा विचार असेल, तर आज रात्री एका पानावर एवढं लिहा:

१. जाहिरात करण्याआधी कागदांची फाइल पूर्ण आहे का? नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून स्वतःचा रिपोर्ट आधीच करून घ्या. तो बँकेवर बंधनकारक नसतो, पण तुमचा भाव जमिनीवर येतो.

२. विसार पावतीत "कर्ज कमी मंजूर झालं तर काय" याचं कलम आहे का? मुदत किती, टोकन परत कसं, सगळं लेखी हवं.

३. वरच्यासारखा वजाबाकीचा तक्ता करा. जी रक्कम उरेल, त्याच्याही ८५ टक्क्यांवर धंद्याचा प्लॅन बसवा.

४. सगळ्यात महत्त्वाचं: पैसे खात्यात येईपर्यंत मशीनला ॲडव्हान्स नाही, गाळ्याला डिपॉझिट नाही, नोकरीचा राजीनामा तर नाहीच.

घर विकताना ज्याला घाई नसते, त्याच्याच बाजूने सौदा झुकतो. व्हॅल्युएशन कमी आलं, तरी कारण शोधायला, कागद जमवायला आणि "थांबतो मी, बघा तुम्ही" म्हणायला तुमच्याकडे वेळ असला पाहिजे. तो वेळ तुम्ही आजच, मशीनची ऑर्डर न देऊन, स्वतःसाठी राखून ठेवता.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर तक्ता पूर्ण करा!