ओहोटीच्या वेळची शाळा

डिसेंबर-जानेवारी आला की शाळेतून एक चिठ्ठी घरी येते. सहलीची. अमुक रुपये भरा, संमतीपत्रावर सही करा. ठिकाणं तीच ती. एखादं देवस्थान, एखादा किल्ला आणि आता नव्यानं भर पडलेली वॉटर पार्क. मुलं गाडीत गाणी म्हणतात, भेळ खातात, फोटो काढतात नि रात्री उशिरा पेंगत घरी येतात. मजा येते, नाही असं नाही. पण "काय पाहिलंस?" असं विचारलं तर सांगण्यासारखं फारसं नसतं.

मैत्रिणींनो, आज एका वेगळ्या सहलीबद्दल बोलू या. आठवी-नववीच्या मुलामुलींना समुद्रकिनारी न्यायचं, पण पोहायला किंवा घोड्यावर बसायला नाही. ओहोटी लागल्यावर उघड्या पडलेल्या खडकांवर, वही-पेन्सिल घेऊन, समुद्रातले जीव त्यांच्या घरी जाऊन बघायला. मुंबईत 'मरीन लाईफ ऑफ मुंबई' या नागरिकांच्या उपक्रमानं २०१७ पासून अशा किनारा-फेऱ्या सुरू केल्या. हाजीअली, जुहूसारख्या गजबजलेल्या किनाऱ्यांवर लोकांना जिवंत प्रवाळ, ऑक्टोपस, रंगीबेरंगी समुद्री गोगलगाई दिसल्या, तेव्हा जन्मभर मुंबईत राहिलेली माणसंही चकित झाली. मुंबईच्या गढूळ पाण्यात हे दिसतं, तर रत्नागिरी-मालवणच्या खडकांत काय काय असेल!

खडकातली वस्ती

ओहोटीला पाणी मागे हटतं, तेव्हा खडकांच्या खळग्यांत थोडं पाणी साचून राहतं. परातीएवढी, बादलीएवढी डबकी. पहिली पाच मिनिटं तिथं काहीच दिसत नाही. "बाई, इथं काय बघायचं?" असा सूर निघतो. मग कोणाला तरी एक शंख चालताना दिसतो. तो शंख नसतोच, आत बसलेला संन्यासी खेकडा असतो. नाव संन्यासी, पण घराची हौस दांडगी. त्याचं अंग मऊ, म्हणून दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटतो आणि वाढला की मोठी जागा शोधतो. एक मोठा शंख रिकामा मिळाला की लहानमोठे खेकडे चक्क रांग लावतात. पहिला त्यात शिरला की त्याच्या जुन्या घरात दुसरा, दुसऱ्याच्या घरात तिसरा. चाळीतल्या खोल्यांची अदलाबदलच जणू! हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की शोकेससाठी पिशवीभर शंख-शिंपले उचलून आणायचा मोह आपोआप सुटतो. आपण उचललेला शंख म्हणजे कोणाचं तरी पुढचं घर.

खडकाला चिकटलेले पांढरे खरखरीत ठिपके म्हणजे बार्नेकल. हा खेकड्या-कोळंबीचा भाऊबंद. लहानपणी पाण्यात तरंगतो, मग डोकं खाली करून स्वतःला खडकाला कायमचा चिकटवून घेतो आणि पायांनी पाणी ढवळून अन्न गोळा करतो. समुद्रफूल दिसायला फूल, पण आहे प्राणी. त्याच्या पाकळ्यांत नांगीसारखे बारीक डंख असतात. तारामाशाच्या पोटाखाली शेकडो इवले नळीसारखे पाय असतात. पुस्तकात हे सगळं 'अपृष्ठवंशीय प्राणी' या मथळ्याखाली पाठ करायचं असतं. संघ, उदाहरण, लक्षण, दोन गुण. खडकावर बसून पाहिलं तर पाठ करावं लागत नाही.

नुसतं बघून भागत नाही, मोजायचं असतं. सुतळी आणि चार काठ्यांनी एक मीटर बाय एक मीटरची चौकट करायची. ती भरतीरेषेजवळच्या खडकावर ठेवायची, आत किती जीव, कोणकोणते, ते लिहायचं. मग थोडं खाली, मग पाण्याच्या अगदी कडेला. तीन ठिकाणच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की मुलांना आपोआप कळतं की वरच्या खडकावर ऊन आणि कोरडेपणा सोसणारे मोजकेच जीव आहेत आणि खाली उतरावं तशी गर्दी वाढते. कोण कुठे राहील हे पाणी ठरवतं. हा धडा सरांनी सांगायची गरज पडत नाही.

भरती-ओहोटी आणि आपली दिनदर्शिका

आता सगळ्यात महत्त्वाचं. अशा सहलीची तारीख शाळेच्या सोयीनं ठरत नाही, चंद्राच्या सोयीनं ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती मोठी, तशीच ओहोटीही मोठी. एरवी पाण्याखाली असणारे खडक तेव्हाच उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही नि उतरतही नाही.

कोकणातले जुने लोक एक सोपा हिशेब सांगतात. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येते, त्यातून हा हिशेब निघाला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला खोल ओहोटी भल्या पहाटे आणि संध्याकाळी येते, मुलांना न्यायला अडचणीची. पण पुढच्या द्वितीया, तृतीयेला ती सकाळी साडेसात-सव्वाआठच्या सुमारास येते. उजेड आहे, ऊन तापलेलं नाही, पाणी दूर आहे. सहलीला याहून चांगली वेळ नाही.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका बघून चतुर्थी-एकादशी सांभाळणाऱ्या आपण बायका हा हिशेब चुटकीसरशी करू शकतो. अर्थात हा झाला अंदाज. जायच्या आधी त्या किनाऱ्याचा भरती-ओहोटीचा तक्ता बघायचा आणि तिथल्या कोळी बांधवांना विचारायचं, हे पक्कं.

भीती खरी आहे

"समुद्र म्हटलं की पोटात गोळा येतो बाई," असं आईनं म्हटलं तर त्यात चूक काही नाही. १ फेब्रुवारी २०१६ या दिवशी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्यात मुलीही होत्या. पोहता न येणाऱ्या मुलामुलींना समुद्र फसवतो तो असाच. वाळू सपाट दिसते, पाणी कमरेएवढं वाटतं आणि वळलेलं पाणी पाय ओढून नेतं.

म्हणूनच मजेची सहल आणि अभ्यासाची सहल यातला फरक आपण ओळखायला हवा. अभ्यासाच्या सहलीत कोणी पाण्यात उतरतच नाही. पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तास-दीड तास आधी पोचायचं, ओहोटी मागे सरेल तसं पुढे जायचं आणि पाणी वळलं की शिट्टी. एकही मिनिट उशीर नाही. कारण भरतीचं पाणी नेहमी समोरूनच येतं असं नाही. ते खडकांमधल्या घळीतून मागच्या बाजूनंही भरतं आणि आपण बेटावर अडकतो. प्रत्येक आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस, एक स्थानिक जाणकार, पायात पट्ट्याचे, न घसरणारे बूट, हे नियम शाळेनं लेखी द्यावेत. शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा जिवंत शंख हाताळायचा नाही, काही जातींचा डंख जीवघेणा असतो. निळसर फुग्यासारखं काही वाळूत पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, मेलेल्या ब्लू बॉटलचाही डंख बसतो. दगड उलटून पाहिला तर जसा होता तसा ठेवायचा. आणि प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी घरी आणणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

मुलींचं काय?

खरी अडचण बऱ्याचदा समुद्राची नसतेच. घरात भाऊ-बहीण दोघं शाळेत असतील तर सहलीचे पैसे मुलाचे भरले जातात. "ती कशाला? उन्हात काळवंडेल." "तिची तारीख जवळ आलीय." "एवढ्या लांब मुलीला कसं पाठवायचं?" नववीत सहल नाही, दहावीत अभ्यास, अकरावीत कॉलेज लांब. बघता बघता शास्त्रच सुटतं.

तारखेची काळजी वाटत असेल तर बाईंशी मोकळेपणानं बोला. बाई सोबत आहेत का, किनाऱ्याजवळ स्वच्छतागृह कुठे आहे, कपडे बदलायची सोय काय, हे आधी विचारा. पिशवीत पॅड, जादा सलवार, टॉवेल, टोपी घाला. गुडघ्याखाली येणारी, लवकर सुकणारी पँट ओढणीपेक्षा खडकांवर सोयीची. एवढी तयारी केली की निम्मं कारण संपतं.

आणि समुद्र लांब आहे म्हणून तो आपल्या मुलींचा नाही, असंही नाही. अदिती पंत यांचा जन्म १९४३ चा, नागपूरचा. समुद्राचा मागमूस नसलेलं गाव! पुणे विद्यापीठात शिकल्या. सर अ‍ॅलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं एक पुस्तक हाती पडलं आणि वाट ठरली. हवाई आणि लंडनला शिक्षण घेऊन त्या गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या. १९८३ साली निघालेल्या मोहिमेतून त्या अंटार्क्टिकाला गेल्या. भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. एका पुस्तकानं एवढं केलं, तर प्रत्यक्ष समुद्र काय करेल?

जायचं कुठं?

रत्नागिरीला झाडगावात १९५८ पासूनचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे, तिथलं मत्स्यालय आणि संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा मुलांना खिळवून ठेवतो. ऐरोलीला ठाणे खाडीकाठी सागरी जैवविविधता केंद्र आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ साली कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं. पुढे तिथं कासव महोत्सव भरू लागला आणि गावातल्या घराघरांत पाहुण्यांची सोय होऊ लागली. इथं मुलींना एक गंमत कळते. ऑलिव्ह रिडले कासवाच्या अंड्यातून नर येणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त गरम तर माद्या जास्त. पृथ्वी तापतेय याचा अर्थ त्या अंड्यांसाठी काय, हा प्रश्न मग मुलंच विचारतात.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायकांनी स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवायला सुरुवात केली. हे ऐकून बरं वाटतं, कारण समुद्राचं शास्त्र आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांना कधीपासून ठाऊक आहे. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, शिवल्या, कालवं काढणारी बाई कोणता चिखल कोणत्या महिन्यात काय देतो हे नेमकं सांगते. शाळेनं तिलाही तासाभरासाठी 'बाई' म्हणून बोलवावं आणि मानधन द्यावं.

सोलापूर, लातूर, जळगावकडच्या शाळांना खर्च जड जातो, हे खरं. शाळेनं एसटी आगारात शैक्षणिक सहलीच्या सवलतीची चौकशी करावी. तोवर घरीही सुरुवात करता येते. एक लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ विरघळवा, साधारण सहा-सात चहाचे चमचे. समुद्राचं पाणी सरासरी एवढं खारट. चव बघून थुंकून टाका! मग विचारा, या पाण्यात मासा तहानेनं मरत कसा नाही?

पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना चार प्रश्न विचारा. या वर्षी एक सहल अभ्यासाची होईल का? तारीख भरती-ओहोटी बघून ठरेल का? किनाऱ्यावर जाणकार कोण असेल? आणि वर्गातल्या सगळ्या मुली येतील, यासाठी शाळा काय करणार? चौथा प्रश्न जरा मोठ्यानं विचारा.