ही पेशी नेमकी कोणाची?

जिवंत पेशी जवळपास पारदर्शक असते. साध्या मायक्रोस्कोपखाली तिची फिकट कडा तेवढी दिसते, आत काय चाललंय ते कळत नाही. रंग चढवला की आतलं उठून दिसतं, पण बहुतेक रंगांसाठी पेशी आधी मारावी लागते. डच भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्स झर्निके यांनी यावर तोड काढली. पेशीच्या दाट भागातून येणारा प्रकाश किंचित मागे पडतो. आपल्या डोळ्याला तो फरक जाणवत नाही, पण झर्निके यांच्या फेज कॉन्ट्रास्ट पद्धतीत तोच उजेड-अंधाराच्या रूपात दिसू लागतो. १९५३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत दिवसाची पहिली फेरी आज याच पद्धतीच्या मायक्रोस्कोपकडे असते. त्याचं भिंग खालच्या बाजूला असतं, कारण पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढतात. हेला नावाच्या कॅन्सर पेशींचा फ्लास्क ठेवला तर तळभर चपट्या, कोनेदार पेशी दिसतात. प्रत्येकीत केंद्रक आणि त्यात दोन-चार गडद ठिपके. मध्येच एखादी अंग आखडून गोल, चकचकीत झालेली असते. तिचं विभाजन सुरू झालंय. तासाभराने पाहावं तर तिच्या जागी दोघी असतात.

या पेशींना ३७ अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड आणि साखर, अमिनो आम्लं, क्षार व सीरम असलेलं मीडियम लागतं. ताजं मीडियम लालसर असतं. पेशी वाढल्या की त्यांनी टाकलेल्या आम्लामुळे ते पिवळं पडत जातं. तळ भरत आला की त्यावर ट्रिप्सिन हे विकर घालतात. काही मिनिटांत पेशींची पकड सुटते, फ्लास्कला तळहाताने हलकेच थोपटलं की त्या तळ सोडून तरंगू लागतात. त्यातला थोडा भाग नव्या फ्लास्कमध्ये घालायचा, की पुन्हा वाढ सुरू.

माणसाच्या सामान्य पेशी हे अनंत काळ सोसत नाहीत. सुमारे ५० विभाजनांनंतर त्या थांबतात, हे लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवून दिलं. हेला थांबत नाहीत. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा काढला गेला. संशोधनासाठी त्यांना विचारलं गेलं नाही. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत तो तुकडा रुजला आणि साधारण दिवसाला दुप्पट होऊ लागला. त्याच या हेला पेशी. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, वयाच्या ३१ व्या वर्षी, हेन्रिएटा गेल्या.

याच गाय यांच्या प्रयोगशाळेत पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतीसंवर्धनाचे धडे घेतले. हुजूरपागेची ही विद्यार्थिनी डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली मुंबईत पीएच.डी. होऊन तिकडे गेली होती. परत आल्यावर साठच्या दशकात तिने मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. कॅन्सर संशोधनाच्या आपल्या इतिहासात या प्रयोगशाळेचं नाव जितकं घ्यायला हवं तितकं घेतलं जात नाही, असं मला फार वाटतं.

हेलाचा जोम मात्र पुढे सगळ्यांनाच महागात पडला. शेतात गाजरगवत शिरावं तशा या पेशी दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये शिरल्या. एकच पिपेट दोन फ्लास्कना लागली, मीडियमची बाटली सामाईक राहिली, तरी तेवढं पुरतं. हेला झपाट्याने वाढतात आणि काही आठवड्यांत मूळच्या पेशींचा मागमूस उरत नाही. फ्लास्कवरचं लेबल तेवढं जुनंच राहतं.

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या बेडफर्डच्या परिषदेत स्टॅनली गार्टलर या जनुकशास्त्रज्ञाने हे उघड केलं. वेगवेगळ्या माणसांच्या, वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या १८ पेशीवंशांमधलं एक विकर त्याने तपासलं होतं. सगळ्यांत त्याचा एकच प्रकार निघाला, आणि तो आफ्रिकी वंशाच्या लोकांतच आढळणारा. यांतल्या अनेक पेशी तर गोऱ्या माणसांच्या म्हणून नोंदवलेल्या होत्या. रोज मायक्रोस्कोपला डोळा लावणाऱ्यांच्या हे लक्षात कसं आलं नाही? कारण शरीराबाहेर वाढताना पेशी अवयवातलं आपलं रूप बरंचसं टाकून देतात. यकृताची म्हणवणारी आणि आतड्याची म्हणवणारी, दोन्ही फ्लास्कच्या तळाशी सारख्याच चपट्या दिसतात.

हा गोंधळ निस्तरण्यासाठी हेलाच्या जनुकीय खुणा हव्या होत्या, म्हणून १९७३ मध्ये संशोधकांनी लॅक्स कुटुंबीयांकडे रक्त मागितलं. आईच्या पेशी जगभर वाढताहेत हे त्या मुलांना कळलं ते त्या सुमारास, तब्बल २२ वर्षांनी. शास्त्राची चूक सुधारायलाही पुन्हा त्यांच्याच दारात जावं लागलं, याची मला आजही लाज वाटते.

भिंगाला न दिसणारा आणखी एक घुसखोर आहे, मायकोप्लाझ्मा. हा जीवाणू इतका लहान की मीडियम गाळायच्या बारीक फिल्टरमधूनही निसटू शकतो. साधे जीवाणू शिरले की मीडियम गढूळ होतं, याने ते स्वच्छच राहतं. पेशी मात्र मंदावतात आणि प्रयोगाचे आकडे बिघडतात. डीएनएला चिकटणारा चमकता रंग घालून फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर केंद्रकांच्या भोवती, जिथे काळोख असायला हवा, तिथे बारीक निळे कण लुकलुकताना दिसतात. असा फ्लास्क बहुधा फेकूनच द्यावा लागतो.

पेशी कोणाची, हे ठरवायला आज एसटीआर चाचणी आहे. गुन्ह्याच्या तपासात वापरतात तीच. डीएनएमधल्या ठरावीक जागी छोटे तुकडे किती वेळा पुन्हा येतात ते मोजायचं आणि नोंदीशी ताडून पाहायचं. भारतातल्या संशोधकांना पेशी पुरवणारा राष्ट्रीय साठा पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आहे. तरीही पुष्कळदा शेजारच्या प्रयोगशाळेतून एक फ्लास्क मागून आणण्यावरच काम भागवलं जातं, तपासणी राहून जाते.

ओळख चुकलेल्या पेशीवंशांची आंतरराष्ट्रीय यादी आता चारशेच्या पुढे गेली आहे. तिच्यात केबी हे एक नाव आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी म्हणून १९५० च्या दशकात ती नोंदली गेली, प्रत्यक्षात ती हेला आहे. तंबाखूपायी तोंडाचा कॅन्सर घरोघर माहीत असलेल्या आपल्या देशाला यातलं नुकसान वेगळं सांगायला नको. तोंडाच्या कॅन्सरवरचं औषध म्हणून जे तपासलं गेलं, ते गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशींवर तपासलं गेलं होतं. आणि केबीला तोंडाच्या पेशी म्हणणारे शोधनिबंध हे कळल्यानंतरही छापून येत राहिले.